वासंतीबाईंचा आनंदाचा अनुशेष

करारातल्या कलम अकरानुसार वासंतीबाईंनी रोज दुपारी तीन ते सहा आनंद घेणे बंधनकारक होते.

नारायण पेठेत राहणाऱ्या वासंतीबाई एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. चौतीस वर्षं कचेरी, आणि कचेरीच्या दोन्ही टोकांना स्वयंपाक. परदेशात सेवेला जाणाऱ्यांना रोज तीन तास मोकळे मिळतात, हे त्यांनी एका संस्थेच्या पत्रकात वाचलं आणि त्यांचा सेवाभाव खडबडून जागा झाला. केनियातल्या बायकांना शिवण शिकवायची हौस होतीच. पण कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी नुसतं बसायची हौस त्याहून मोठी होती. हे मात्र त्यांनी यजमानांना, गोपाळकृष्णांना, सांगितलं नाही. बसायला इतक्या लांब कशाला, असं ते म्हणाले असते आणि पाठोपाठ चहा मागितला असता.

गाव तळ्याकाठी होतं. सकाळी आंब्याखाली पंधरा बायकांचा वर्ग भरे, दुपारी तेच झाड मोकळं. पहिल्या दिवशी वासंतीबाई तीनला बसल्या त्या सहाला उठल्या. इतकं बरं त्यांना लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. मग संस्थेच्या रोजच्या नोंदपत्रकावर 'मोकळ्या वेळेचा विनियोग' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'बसले.' सोबत बसल्या जागेवरून काढलेला झाडाचा फोटो जोडला. रकाना कोरा सोडायचा नाही आणि खोटा भरायचा नाही, हे त्यांचं कचेरीतलं वळण. तेच नडलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून संस्थेचे समन्वयक जयसिंग यांचा फोन आला.

"मॅडम, 'बसले' असा पर्याय आपल्याकडे नाही. नौकाविहार, प्राणीदर्शन, लोकनृत्य, सूर्यास्त. यातलं काहीतरी निवडा."

"अहो, पण मला बसूनच आनंद झाला."

"झाला असेल. दिसत नाही. फोटोत नुसतं झाड आहे. झाडाला आनंद झाला, असं देणगीदारांना कळवू का?"

चाळीस दिवसांचा आनंद मंजूर झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. इकडे गोपाळकृष्णांनी तर 'परदेशातील माझे सेवाकार्य' या अनुभवकथनासाठी सभागृह ठरवून निमंत्रणपत्रिकाही वाटल्या होत्या. प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर कुठे लावायची, तिथे खिळासुद्धा ठोकून झाला होता.

वासंतीबाई होडीत बसल्या. फोटो परत आला. शेरा, 'दात दिसत नाहीत.' लोकनृत्य केलं. 'दोन्ही पाय जमिनीवर आहेत.' सूर्यास्तासमोर हात पसरायचे होते, पण खांद्याच्या दुखण्यामुळे हात वर जाईपर्यंत सूर्य खाली गेला. दहा दिवसांत दहाही दिवसांचा अनुशेष साचला. तेव्हा संस्थेने परिपत्रक काढलं: अनुशेष सकाळच्या वेळेत भरून काढावा, सेवेमुळे आनंदात व्यत्यय आल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.

शिवणाचा वर्ग आधी तासावर आला, मग बंद पडला. बायका काज करायला शिकत होत्या, तिथेच सुया थांबल्या. त्यांच्यातल्या अकिनीने तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं.

"बाई, तुमच्या देशात नुसतं बसायला मनाई आहे का?"

"मनाई नाही गं. पण त्याची नोंद होत नाही."

अकिनीने समजल्यासारखी मान हलवली आणि फोटो काढायला वासंतीबाईंचा फोन हातात घेतला. बाकीच्या बायका आंब्याखाली पाय पसरून बसल्या आणि वासंतीबाई समोर उन्हात उड्या मारू लागल्या. आपली जागा अशी डोळ्यांदेखत गेलेली पाहून त्यांना रडू कोसळलं. तो फोटो मात्र ताबडतोब मंजूर झाला. 'भावुक क्षण. असेच आणखी पाठवा.'

पुण्यात अनुभवकथनाला सभागृह भरलं होतं. बासष्ट फोटो दाखवून झाले, प्रमाणपत्र उंचावून झालं, मग प्रश्नोत्तरं. तिकडे दाण्याचं कूट मिळतं का, असं शेजारच्या श्यामलाताईंनी विचारलं. मिळतं, असं कळल्यावर सभागृहाला हायसं वाटलं. शिवणाबद्दल कुणीच विचारलं नाही, तेव्हा वासंतीबाईंना राहवेना.

"शिवण एकीलाही आलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे बासष्टही फोटो खोटे आहेत. मला आनंद झाला तो एकच दिवस. त्या दिवशी मी तीन तास झाडाखाली नुसती बसले होते."

गोपाळकृष्ण शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाले, "प्रवासाचा शीण आहे."

पहिल्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ चष्मा पुसत उभे राहिले.

"त्या बसण्याचा फोटो आहे आपल्याकडे?"

"आहे. पण त्यात फक्त झाड आहे."

"मग आपण बसला होतात, हे कशावरून?"

प्रश्न रास्तच होता, अशा अर्थाने सगळ्यांच्या माना हलल्या, आणि आभारप्रदर्शन होऊन कार्यक्रम संपला.

आता वाचकहो, आपणही ही गोष्ट निवांत बसून वाचलीत, असं आपलं म्हणणं असेल. कशावरून?