दत्तूकाकांची दुरुस्ती

आमच्या चाळीच्या तोंडाशी एक फळा आहे आणि त्या फळ्यावर दत्तूकाका घाडी रोज सकाळी साडेसहाला आपलं मत लिहितात. यात विशेष काही नाही. लालबाग-परळात असे फळे गल्लोगल्ली आहेत, आणि मतं तर त्याहून जास्त. विशेष हे, की आदल्या दिवशीचं मत चुकलं असेल तर दत्तूकाका ते दुसऱ्या दिवशी स्वतःहून जाहीर करतात. वर 'दुरुस्ती' असा मथळा आणि खाली आपलीच चूक, रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरलाही वाचता येईल एवढ्या अक्षरात. आपली चूक कबूल करणारा पुरुष मी आयुष्यात हा एकच पाहिला. माझ्या नवऱ्याला मी कैकदा त्या फळ्यासमोर नेऊन उभं केलंय. काही उपयोग नाही.

मी याच चाळीत जन्मले आणि याच चाळीत लग्न केलं. दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आले, एवढाच काय तो माझा प्रवास. फळा माझ्या खिडकीला लागून असल्यामुळे खडूचा डबा आणि ओलं फडकं माझ्याकडे असतं. शिवाय मी जवळच्याच कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, आणि काका निवृत्त होईपर्यंत तिथल्याच जिमखान्यात शिपाई होते. म्हणजे हा माणूस मला घरी आणि दारी, दोन्हीकडे पुरून उरलाय.

त्यांची मतं कशाबद्दल असतात, तर सगळ्याबद्दल. नाक्यावरचा रस्ता खणला तेव्हा त्यांनी लिहिलं, 'सोमवारी खणला, मंगळवारी बुजवला, बुधवारी परत खणला. बहुतेक काहीतरी हरवलंय.' दुसऱ्या दिवशी, 'दुरुस्ती. गुरुवारीही खणला.' क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी 'आज आपण हरणार' असं लिहिलं आणि आपण जिंकलो. तर, 'दुरुस्ती. हरणार म्हणालो होतो. तरी पेढा घेतला.'

कॉलेजची पोरं सकाळी त्याच रस्त्याने जातात. एकदा काकांनी लिहिलं, 'हल्लीची मुलं वाचत नाहीत.' आठ-दहा पोरं फळ्यासमोर उभी. त्यातली एक चुणचुणीत मुलगी काकांना म्हणाली, "काका, मग आम्ही आत्ता काय करतोय?" दुसऱ्या दिवशी फळ्यावर, 'दुरुस्ती. वाचतात. उभ्याने वाचतात.' तेव्हापासून पोरं रोज फळ्याचा फोटो काढतात आणि कुठे कुठे टाकतात. हजारो लोक बघतात म्हणे. काकांना त्याचं काही नाही. "फोटोत खडूचा वास येतो का?" एवढंच विचारतात.

एकदा त्यांनी माझ्यावरही लिहिलं. 'कॉलेजच्या ऑफिसची खिडकी साडेदहाची. उघडते अकराला.' नाव नव्हतं, पण खिडकीत बसते कोण? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्याच डब्यातला खडू, माझंच फडकं, आणि माझीच इज्जत! मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सव्वादहालाच जाऊन बसले. त्याच्या पुढच्या सकाळी फळ्यावर, 'दुरुस्ती. खिडकी वेळेवर उघडली. एका दिवसाचं निरीक्षण आहे. पुढे बघू.' आता सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी किती?

पुढारी पक्ष बदलत होते त्या दिवसांत त्यांनी लिहिलं, 'कबड्डीत मध्यंतरानंतर अंगण बदलतात, संघ नाही.' संध्याकाळी चार कार्यकर्ते आले. पुसा म्हणाले. काका म्हणाले, "पुसतो की. पण फळा रिकामा ठेवायची पद्धत नाही. तुमचं मत लिहा." आणि खडू त्यांच्या हातात दिला. त्यातला सगळ्यात दांडगा गडी पाच मिनिटं फळ्यासमोर घाम पुसत उभा राहिला, शेवटी 'जय महाराष्ट्र' लिहून चौघं निघून गेले. काकांनी त्याच्या अक्षराचं कौतुक केलं, ते मनापासून.

कोणी वाद घालायला आलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "अहो, माझं मत आहे, शिट्टी नाही." म्हणजे मत बदलता येतं. पंचाची शिट्टी एकदा वाजली की वाजली. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याच्याकडे कधी नीट लक्षच दिलं नाही. जिमखान्यातही तेच. कॉलेजच्या सामन्यांना मुलं त्यांना पंच व्हायचा आग्रह करायची. काका म्हणायचे, "मी मैदानावर फक्की मारतो. शिट्टी तुम्ही वाजवा." आणि ओणवे होऊन पांढऱ्या फक्कीच्या अशा रेघा मारायचे की पोरांना त्यावर पाय ठेवायला जीव व्हायचा नाही. मला वाटायचं, विनय आहे.

तो विनय नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या कबड्डीच्या अंतिम सामन्याला बाहेरचा पंच आलाच नाही. दत्तूकाका पंचाची परीक्षा पास झालेले. समोरचा संघ म्हणाला, दत्तू तुमचा असला तरी सरळ माणूस आहे, तोच उभा राहू दे. आमच्याकडून खेळत होते गल्लीपलीकडच्या चाळीतले सुरेश पालव, काकांचे जिवलग मित्र. एका ताटात जेवणारे. पहिल्या रांगेत एका कंपनीचे साहेब बसलेले. ते आपल्या संघासाठी एक खेळाडू उचलणार आणि त्याला नोकरी देणार, हे अख्ख्या लालबागला माहीत होतं. पालवकाका तेव्हा गिरणीत बदली कामगार.

शेवटची चढाई. आम्ही एका गुणाने मागे. पालवकाकांनी दोघांना शिवलं आणि मैदानाच्या कडेकडेने मधल्या रेघेकडे परत पळाले. तेवढ्यात शिट्टी वाजली. पाय कडेच्या रेघेबाहेर, गडी बाद. मी दहा वर्षांची, गॅलरीतून बघत होते. मला आठवते ती शिट्टी आणि नंतरची शांतता. साहेबांनी समोरच्या संघातला पोरगा निवडला. पालवकाका गिरणीत परत गेले, मग गिरणीच गेली, आणि पुढचं आयुष्य त्यांनी टॅक्सी चालवली. तीस फुटांची गल्ली, पण त्या दिवसापासून दोघांत अबोला. पालवकाका भेटेल त्याला एकच सांगायचे, "पाय आत होता." गणपतीत, लग्नात, सुतकात, कुठेही. आत होता.

गेली सहा वर्षं गुडघ्यांमुळे पालवकाका खाली उतरलेले नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीतून फळा समोर दिसतो. रोज सकाळी ते फळा मोठ्याने वाचतात, बायकोला ऐकवल्यासारखा, आणि वर शेरा मारतात, "काय तरीच." काका तेव्हा खाली वाकून फडकं पिळत असतात. एवढंसं फडकं आणि पिळायला दहा मिनिटं.

आणखी एक गोष्ट. पूर्वी काकांचं मत दहा ओळींचं असायचं. मग सहाचं झालं, आणि हल्ली तीनच ओळी, पण हातभर अक्षरात. कॉलेजची पोरं म्हणायची, काका काय थोडक्यात मारतात! मलाही वाटलं, वयाबरोबर माणूस पिकतो. मग एकदा पालवकाकांची मुलगी सुषमा मला म्हणाली, "बाबांच्या एका डोळ्याचं दिसणं गेलंच, दुसऱ्याचंही कमी झालंय. बरं झालं, घाडीकाका मोठं लिहितात." मी मागचं सगळं आठवून बघितलं. पालवकाका वाचताना ज्या दिवशी अडखळायचे, त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्षर मोठं झालेलं असायचं. मी तिथेच, खिडकीत, रोज. आणि मला कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

गेल्या महिन्यात सुषमा म्हणाली, "बाबांना रविवारी बदलापूरला घेऊन जाते. माझ्याकडे लिफ्ट आहे. आता कायमचे तिकडेच." गुरुवारी सकाळी काका लिहीत असताना मी त्यांना हे सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"कायमचे?"

"हो."

त्यांनी ओळ पुरी केली, खडू डब्यात ठेवला आणि फडकं न पिळताच गेले.

शुक्रवारी फळा कोरा. मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा. कॉलेजची पोरं माझ्या खिडकीशी, "काकू, काका बरे आहेत ना?" एकाने कोऱ्या फळ्याचाच फोटो टाकला. त्यावर लोकांनी लिहिलं, निषेध आहे. कोणी म्हणालं, दबाव आहे. एका विद्वानाने लिहिलं, हे काकांचं आजवरचं सर्वांत धारदार मत आहे.

संध्याकाळी काका माझ्या खिडकीशी आले. मी चहा दिला. तो तसाच हातात धरून म्हणाले, "शिट्टी आधी वाजली गं. पाय मी नंतर बघितला."

"कुठला पाय?" मी म्हणाले, आणि मग माझं मलाच कळलं.

"सगळे म्हणाले, दत्तू सरळ आहे. माझ्या डोक्यात एकच बसलं, आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणता कामा नये. सुऱ्या कडेने आला, फक्की उडाली, आणि मी वाजवली. खाली बघितलं तर रेघच पुसलेली."

"मग पाय आत होता की बाहेर?"

"मला ठाऊक नाही. चाळीस वर्षं झाली, मला ठाऊक नाही. दुसरा कोण असता तर मी थांबलो असतो. नीट बघितलं असतं. तो माझा होता म्हणून थांबलो नाही."

मी चिडलेच. म्हटलं, "मग जा आणि सांगा त्यांना. समोर तर राहतात. अख्ख्या जगाची दुरुस्ती करता, आणि हे एवढं होत नाही?"

"चूक चार लोकांत केली," काका म्हणाले, "घरात जाऊन गुपचूप नाही सांगता येत. सांगायची तर चार लोकांतच."

शनिवारी सकाळी साडेसहाला त्यांनी लिहिलं. तीन ओळी, आजवरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरात.

'दुरुस्ती.
सुरेश पालव बाद नव्हता.
पंच चुकला. – द. घाडी'

लिहून ते फडकं पिळत बसले. मी समोरच्या खिडकीकडे बघत होते. पालवकाका येऊन बसले. वाचतील म्हणून मी कान लावले, पण आवाज नाही. शेराही नाही. मग त्यांनी खिडकी ओढून घेतली. काका अर्धा तास फडकं पिळत होते. शेवटी मीच ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"मत बदलता येतं," ते म्हणाले. "शिट्टी नाही बदलत."

रविवारी टेम्पो आला. काकांनी फळा पुसला नव्हता, नवीन काही लिहिलंही नव्हतं. ते नुसते फळ्याच्या बाजूला उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. सामान चढलं. सुषमा आणि जावई पालवकाकांना दोन्ही बाजूंनी धरून एकेक पायरी उतरवत होते. खाली आल्यावर ते टेम्पोकडे वळले नाहीत. काठी टेकत थेट गल्ली ओलांडून आले, फळ्याला नाक लावून तिन्ही ओळी वाचल्या आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"खडू."

मी दिला. वाकड्या अक्षरात त्यांनी खाली लिहिलं, 'पाय बाहेर होता. सु. पालव.'

सुषमाने माझ्याकडे बघितलं. मी सुषमाकडे.

काकांनी ते वाचलं. "सुऱ्या, खोटं लिहितोयस तू."

"पाय माझो होतो का तुझो?" पालवकाका म्हणाले. "तुझा मत असात. माझा निरीक्षण आसा."

"मग चाळीस वर्षं बोललास का नाही माझ्याशी?"

पालवकाकांनी खडू माझ्या डब्यात टाकला आणि हात झटकले. "तू रोज लिवत होतस. मी रोज वाचत होतंय. आणि काय बोलूचा होता?"

दोघं तिथे कितीतरी वेळ उभे होते, एकमेकांचे दंड धरून. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा मी त्याला असं काही सुनावलं की त्याने टेम्पोच बंद केला. मला रडू आलं होतं आणि ते कोणावर तरी काढायला हवं होतं.

सोमवारी सकाळी साडेसहाला काका फळ्यापाशी हजर. मला वाटलं, आता अक्षर लहान होईल, दहा ओळी येतील. पण तीनच ओळी, तशाच हातभर अक्षरात. हल्लीच्या बॅट्समनना धीर नाही, असं काहीतरी. लिहून झाल्यावर फडकं पिळलं नाही, माझ्या खिडकीशी आले.

"तुझ्या फोनने फोटो काढ बघू. सुषमाला पाठव."

मी पाठवला. ते खिडकीच्या गजाला धरून उभे. वीस मिनिटांनी सुषमाचं उत्तर आलं. मी वाचून दाखवलं, "बाबा म्हणतात, काय तरीच. पूर्वीच्यांना कुठे धीर होता?"

काकांनी ते मला परत एकदा वाचायला लावलं.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "उद्या दुरुस्ती टाकतो."