दौलतकाकांचा गुडघा कोणी मोडला

दौलतकाकांचा उजवा पाय वाकत नसे, आणि दौलतकाका तर त्याहूनही कमी वाकत. एसटीत बसले की तो पाय मधल्या वाटेत आडवा. चढणारा-उतरणारा प्रत्येक जण अडखळायचा.

"बाबा, पाय घ्या ना जरा," कंडक्टर म्हणायचा.

"घेतो ना. कुठं घेऊ, तुह्या बॅगीत?"

कंडक्टर चिडला की काका खूश. "तेल कमी पडलं बे तुले, म्हणून आवाज करून राह्यला," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागायचे.

हा पाय आमच्या सगळ्या कारंजा गावाला ठाऊक होता, आणि त्याची गोष्टही. "दौलत फिटर मुंबईले गुडघा बदलाले गेला अन् लाकडाचा पाय घेऊन आला." पन्नास वर्षं ही गोष्ट आमच्याकडे सांगितली जाते आहे. कुणी गुडघ्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं की दुसरा ती सांगतो, आणि पहिला गुपचूप घरी जाऊन पाय चोळत बसतो. कितीतरी माणसं अशी फरफटत जगली आणि मेली. गोष्ट खोटी आहे. ती सांगणाऱ्यांचा मला संताप येतो, आणि सांगणाऱ्यांत पहिला मी होतो.

मागच्या वर्षी, ऐंशी उलटल्यावर, माझे स्वतःचे दोन्ही गुडघे बदलले. तिसऱ्या दिवशी मी चाललो. व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली, "वाकवा आजोबा, अजून थोडं," आणि मला रडू फुटलं. तिला वाटलं, दुखतंय. तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं.

दौलतकाका कापसाच्या जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे आणि आमच्याकडेच जेवायचे. माझी आई त्यांना मानाने भाऊजी म्हणायची. ते तिला म्हणायचे, "वहिनी, हे भाकर हाय का वॉशर?" आणि चौथी मागायचे. त्यांच्या लेखी सगळं जग म्हणजे एक बिघडलेलं इंजन होतं. कुणी खोकला तर "फिल्टर गेला", नवरा-बायको भांडले तर "पट्टा ढिला झाला". प्रेमाने बोलणं त्यांना जमत नव्हतं. माझ्या लग्नात आशीर्वाद द्यायला आले, तर मांडवाचा खांब हलवून बघत मांडववाल्याला शिव्या देत बसले.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्यांचा उजवा गुडघा पार गेला. गावचे डॉक्टर म्हणाले, हाडं झिजलीत.

"म्हंजे बेरिंग गेली. मंग बदला ना!"

डॉक्टर हसले. तेव्हा गुडघा बदलणं मुंबईतसुद्धा क्वचितच होई. काका हसले नाहीत. दोन महिने डॉक्टरांच्या पायरीवर ठाण मांडून त्यांनी मुंबईच्या सर्जनच्या नावाने चिठ्ठी लिहून घेतली. मी शाळेत गणित शिकवायचो. इंग्रजी समजतं म्हणून रजा काढून सोबत गेलो.

ऑपरेशन उत्तम झालं. हे मी आज ठळक सांगतो आहे. निघताना सर्जननी मला समोर बसवून सांगितलं की गुडघा रोज वाकवायचा. काही महिने तो सुजेल, गरम लागेल, घाबरायचं नाही. आणि बाहेरचं काहीही त्यावर लावायचं नाही. मी मान डोलावली. काकांना मराठीत समजावणारा मीच.

"सांधा विलायतेहून आला म्हणतं?" काकांनी विचारलं. "इंग्रज गेला, इंग्रज गेला म्हणे. हा पाह्य, माह्या गुडघ्यात येऊन बसला."

परत आल्यावर त्यांनी चौकटीच्या वर एक कप्पी ठोकली. त्यातून दोरी ओवली, एक टोक घोट्याला, दुसरं हातात. सकाळ-संध्याकाळ दोरी ओढून पाय वाकवायचे आणि त्या गुडघ्याला मास्तरने पोराला झापावं तसं झापायचे. "वाक बे! फुकटची रोटी खातं काय?" शाळेतला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक मी घरी आणला होता. त्याने रोज कोन मोजायचा.

"मास्तर, आज किती?"

"बहात्तर."

"नीट पाह्य. शहात्तर हाय. गणित शिकवतं अन् मोजता येत नाई."

ही घाई कशासाठी होती, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दसऱ्याला जिन सुरू व्हायचं. शेठजी म्हणाले होते, "दौलत, दसऱ्याले जिना चढून वर येशील, तर मशीन तुही." नाही तर दुसरा फिटर. काकांना मशीनशिवाय कुणी नव्हतं. जिना चढायला नव्वद अंश हवे होते. पोळ्यापर्यंत ते चौऱ्याऐंशीवर आले होते.

पण आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा डॉक्टर होऊनच येतो. गुडघा सुजलेला होता, काका ओरडत होते, दोरी करकरत होती. समोरच्या सोनाकाकू रोज ओट्यावर येऊन मला ऐकवायच्या. "काहून रे मास्तर, म्हाताऱ्याले मारतं का? फाशी देल्यासारखा पाय टांगून ठेवला! सख्खा बाप असता तं असा केला असता?" मग दुसरे. मग शाळेतले. आठ दिवसांत मी गल्लीतला कसाई झालो. सूज राहणार, हे मला सांगितलं होतं. मला पाठ होतं. पण लोकांपुढे मान ताठ ठेवायचं बळ माझ्यात नव्हतं.

मी शेलूबाजारहून एका हाडवैद्याला जीपने घेऊन आलो. त्याने गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाला, "वात धरला. गरम बिब्याचे चटके द्या लागन."

दौलतकाका भडकले. "चालत्या मशीनमंधी माती टाकतं काय बे? निघ इथून!"

बरोबर तेच होते. आणि मी, जो त्यांच्यापुढे कधी आवाज चढवत नसे, ओरडलो, "काका, गाव मला नावं ठेवतंय! तुमच्यासाठी मुंबईपर्यंत आलो मी. माझं एवढंसुद्धा ऐकणार नाही तुम्ही?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हातातली दोरी सोडली.

"तू म्हणतं तं लाव."

सोनाकाकूंनी दारातून "आता बरं वाटन" म्हटलं. सहा चटके दिले, टाक्यांच्या वणाच्या दोन्ही बाजूंना. काकांनी हूं की चूं केलं नाही.

तिसऱ्या दिवशी बिबा उतला. फोड आले, फुटले, वण उघडला. आठवड्याने ताप आला, मग पू. आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. सर्जननी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा बदलला. आत विष पसरलं होतं. बसवलेला सांधा काढून टाकावा लागला आणि हाडाला हाड जोडून पाय कायमचा सरळ करावा लागला. चौऱ्याऐंशी अंशांचे शून्य झाले. दसऱ्याला जिनमध्ये दुसरा फिटर उभा होता.

या ऑपरेशनच्या आधी सर्जननी रागाने विचारलं होतं, "ये किसने किया?"

मी तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं.

"मैंने किया," दौलतकाका म्हणाले. "मेरीच अक्कल. ये मास्टर तो मना कर रहा था."

सर्जन त्यांना वाट्टेल ते बोलले. काका, जे कंडक्टरचं एक वाक्य ऐकून घेत नसत, खाली मान घालून सगळं ऐकत राहिले.

परतताना मूर्तिजापूरला आम्ही कारंज्याला जाणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीत बसलो. दोन बाकांमध्ये त्यांचा पाय मावेना. मी टाच मांडीवर घेऊन बसलो. मी विचारलं, "काका, तुम्ही खोटं का बोललात?"

"तं काय करू? तू रडाले लागला असता तिथं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मले शिव्या पचते. तुले नाई पचत. अन् तुले त्या गावात अजून जगाचं हाय, पोरं शिकवाची हायेत. हाडवैद्य कोणाच्या म्हणण्यानं आणला, वहिनीनं इचारलं तं काय सांगशीन?"

मी त्यांची टाच मांडीवर नीट घेतली.

"सांगजो, म्हाताऱ्यानं हट्टानं बलावला. कोणाचं आयकलं नाई म्हना. घोक."

त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, पाढे म्हणवून घ्यावेत तसं. मग डोळे मिटले. गाडीला धक्का बसला की माझा हात आपोआप त्यांच्या घोट्याभोवती घट्ट होत होता, आणि ते डोळे न उघडता म्हणत होते, "ढिला सोड बे."

घरी पोचल्यावर आईने दारातच विचारलं. मी सांगितलं, म्हाताऱ्याने कुणाचं ऐकलं नाही. पुढे लोकांच्या तोंडून हाडवैद्यही गळाला, मुंबई आणि लाकडाचा पाय तेवढे उरले, आणि मीही तेच सांगू लागलो.

त्यांनी ऐकलं होतं. माझं ऐकलं होतं. आयुष्यात बहुधा तेवढं एकदाच त्यांनी कुणाचं ऐकलं.