अप्पांचं एरियल

आमचे अप्पा गाडीत बसले की "चल" म्हणायचे नाहीत. "कान वर कर," म्हणायचे. कान म्हणजे गाडीच्या रेडिओचं एरियल. मग मी खाली उतरायचं, मडगार्डावरची ती चकचकीत नळी चारी पेरं ताणून वर ओढायची, दोन पावलं मागं सरून ती ताठ आहे का बघायचं, आणि मगच गाडी सुरू. "बहिऱ्या गाडीत मी बसत न्हाय," असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

अप्पा सोलापुरात सुताचे व्यापारी. वय पासष्ट-सत्तर, डोक्याला गुलाबी पटका, कपाळावर विभूतीचे पट्टे. बायको कधीच गेलेली, घरात एक स्वयंपाकी आणि भिंतीवर घड्याळ. मी त्यांचा ड्रायव्हर. सातवीत शाळा सोडून राजापूरकडून निघालेला माणूस. ट्रकवर आधी क्लीनर, मग ड्रायव्हर असं करत तिशीत इथं येऊन पोचलो. अप्पांनी काम दिलं, गॅरेजमागची खोली दिली, दोन वेळची भाकरी दिली. एवढं सगळं मिळाल्यावर माणसाला झोप कशी लागणार? हे आता कुठल्या चुकीनं जाईल, याचा मी रोज शोध घेत असे.

रेडिओवर बहुतेक धारवाड केंद्र लागलेलं असायचं, आणि तिथं बोलणारी माणसं अप्पांना गाडीतच बसलेली वाटायची. हवामानाच्या अंदाजाशी ते भांडायचे. "पाऊस म्हणं! कुटं हाय, दाखव की!" पण बोलणाऱ्याचं वाक्य कधी तोडायचे नाहीत. घर आलं तरी तो नमस्कार म्हणेपर्यंत आम्ही दोघं दारात गाडीत बसून. "मधीच बंद केलं तर त्येला काय वाटंल?" बातम्या चालू असताना मीही तोंड उघडायचं नाही. एकदा मोडनिंबला लग्नाला निघालो होतो. मोडनिंब आलं तेव्हा बातम्या ऐन रंगात. सांगू कसं? मी आपला सरळ हाणत राहिलो. नमस्कार झाला तेव्हा टेंभुर्णी आली होती.

अप्पांनी बाहेर बघितलं. "लग्न कुटं हाय?"

"मागं राहिलं, अप्पा."

"मग सांगायचं न्हाय का, कोकण्या?"

"बातम्या चालू होत्या."

त्यांनी पटका सारखा केला. मग म्हणाले, "बराबर केलंस."

आणि अशा माणसाचं एरियल माझ्यामुळे मोडलं.

खंडेनवमीचा दिवस. गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. बॉनेटवरचा हार काही केल्या ठरेना, सारखा घसरायचा. तेव्हा मला अक्कल सुचली. एरियल पुरतं वर ओढलं आणि झेंडूची घसघशीत माळ त्याच्या शेंड्याला पक्की गाठ मारून बांधली. अप्पा बघून "लई भारी" म्हणाले आणि तागडीची पूजा करायला दुकानात गेले. मी नारळ आणायला गेलो. परत येतो तर शेजारच्यांची गाय झेंडू खात उभी. फुलांबरोबर माळ निघाली होती, माळेबरोबर एरियल धनुष्यासारखं वाकलं होतं. मी ओरडलो. गाय दचकून वळली. कट्!

मडगार्डावर बोटभर बुडखा राहिला. मला समोर राजापूरची एसटी दिसायला लागली.

माझ्याकडे गावाहून आणलेली एक छत्री होती. सोलापुरात हिचं काय करणार, म्हणून सगळे मला हसायचे. तिची एक काडी मोडून मी त्या बुडख्यात ठोकली.

दुसऱ्या दिवशी दसरा. अप्पा सोनं द्यायला होटगीला निघाले. "कान वर कर." मी उतरलो आणि न ताणणारी काडी ताणल्याचं नाटक केलं. रेडिओ लावला तर आत कुणीतरी पोहे तळत असावं असा आवाज. अप्पा होटगीपर्यंत ते तळण मन लावून ऐकत राहिले. रेल्वेच्या फाटकापाशी थांबलो तेव्हा म्हणाले, "धारवाडवाल्याला आज सर्दी झाली वाटतं."

"हो, अप्पा."

घरी आल्यावर त्यांनी मडगार्डापाशी जाऊन त्या काळ्या काडीला बोट लावलं आणि आत गेले. मी माझी पिशवी भरून ठेवली.

तीन दिवस बोलावणं नाही. चौथ्या दिवशी म्हणाले, "गाडी महबूबभाईकडं घे." महबूबभाई रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी नवं एरियल मागवून ठेवलं होतं. जुना बुडखा काढला, नवं बसवलं, वायर आत सोडली. ती पकडायला मी डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो. तिथं अप्पांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून धीर झाला.

"अप्पा, माळ मी बांधली होती. गायीचा दोष नाही."

"ठाऊक हाय," वरून आवाज आला. "छत्री कुणाची मोडलीस?"

"माझीच."

"मग ठीक."

महबूबभाईंनी नवं एरियल ताणलं. ते टपाच्याही हातभर वर गेलं. "इत्ता लंबा कायकू, अप्पा? धारवाड तो आधे में बी आता."

"तू तुझं काम कर की," अप्पा म्हणाले.

दिवेलागणीला घरी पोचलो. मी उतरणार तोच अप्पा म्हणाले, "थांब. सरक, माझ्या जागेवर बस." दुसरा ड्रायव्हर बघितला असणार! ते उतरून, वळसा घालून माझ्या जागेवर येऊन बसले आणि रेडिओचं बटण फिरवायला लागले. धारवाड गेलं, पुणं गेलं, मुंबई गेली.

"काय लावायचंय, अप्पा?"

"तुमच्या रत्नागिरीला आता स्टेशन झालंय म्हणत्यात. बघू तर." बटण हळूहळू फिरत होतं. "माझा थोरला पोरगा हैदराबादेत हाय. मी कवातरी तिकडचं लावतो. तेलगू मला कळत न्हाय. पण त्येच्या गावचा आवाज असतोय."

नुसती खरखर. अप्पा गाडीतून उतरले, धोतराचा सोगा खोचला आणि टाचा उंचावून एरियलचा शेंडा मुठीत धरला. रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले.

"असं धरलं की लांबचं येतंय," ते तिथून ओरडले. "आलं का?"

मी काच खाली केली. खरखरीत एक शब्द कळत नव्हता.

"आलं, अप्पा."

"काय सांगतोय?"

"भातकापणीचं सांगतोय."

"मग बस ऐकत," अप्पा म्हणाले. "मी सोडत न्हाय."