हेलिकॉप्टरने पळवलेलं ‘नाही’

“त्या मॅनेजरला एकदा माझ्या गच्चीवर आणा! चहा संपायच्या आत हेलिकॉप्टरं बंद केली नाहीत, तर मला मास्तर म्हणू नका!”

कवायतीच्या मास्तरांनी जिन्यातच गर्जना केली. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून नोकरीत होता. त्यांनी नुसतं ‘सावधान’ म्हटलं, तरी समोरच्या इमारतीतला माणूस हातातला कप ठेवून ताठ उभा राहायचा!

पर्यटकांना वरून शहर दाखवायला एका कंपनीने हेलिकॉप्टरच्या फेऱ्या सुरू केल्या होत्या, आणि वळायला तिला नेमकी हीच गच्ची सापडली होती. दिवसभर घरघर! मांडणीवरची भांडी आपसात भांडायची, दोरीवरचे पायजमे लाथा झाडायचे. पण खरे हाल खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचे. त्यांची कायमची रात्रपाळी, झोपायचं दिवसा. परवा डुलकी लागली तेव्हा बिचारीने पेशंट समजून पलंगाच्या दांड्याची नाडी तपासली!

“काका, एक दिवस तरी झोप मिळवून द्या हो!” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या आणि मास्तरांनी विडा उचलला.

मॅनेजर आला. तरुण, हसतमुख, लोण्यासारखा. मास्तरांनी त्याला गच्चीवर खुर्ची दिली. इमारतीतली झाडून सगळी मंडळी कठड्याला टेकून उभी राहिली.

आणि हेलिकॉप्टर येईचना!

“किती शांत आहे हो तुमच्याकडे!” मॅनेजर चहा फुंकत म्हणाला.

“थांबा, येईल, येईल आता,” मास्तर पहिल्यांदाच घरी येणाऱ्या जावयाची वाट पाहावी तसे आभाळाकडे डोळे लावून बसले.

शेवटी दुरून घरघर आली. मास्तर उठले, छाती फुगवली. आता त्यांची एक खोड अशी, की उभा जन्म कवायतीत गेलेला. ‘डावीकडे’ म्हणून दम धरायचा आणि मग ‘वळ’ तोफेसारखा सोडायचा. त्यामुळे साधं बोलतानाही शेवटचा शब्द ते राखून ठेवायचे!

“आम्ही हे खपवून घेणार...” मास्तरांनी दम धरला.

घर्रर्रर्र! हेलिकॉप्टर टाकीवरून गेलं आणि जाता जाता ‘नाही’ घेऊन गेलं.

“आभारी आहे सर!” मॅनेजर ओरडला.

मास्तर चक्रावले. हेलिकॉप्टर वळून परत येत होतं. त्यांनी नवा दम भरला.

“आम्ही गप्प बसणार...”

घर्रर्रर्र!

“वा! सगळीकडे असे समजूतदार लोक हवेत!”

“अहो, शेवटचं आधी बोला!” बायकोने त्यांची बाही ओढली. पण तिचं कोण ऐकतंय? मास्तर थेट खुर्चीवर चढले. गळ्याच्या शिरा दोरखंडाएवढ्या झाल्या.

“आणि यापुढे फेऱ्या वाढवू...”

घर्रर्रर्र!

“वाढवू ना! तुम्हीच म्हणताय, तर उद्यापासून वाढवू!” मॅनेजरने गहिवरून त्यांचे दोन्ही हात दाबले आणि तो टणाटण जिना उतरून गेलासुद्धा. हेलिकॉप्टर दूर गेलं, तेव्हा गच्चीवर मास्तरांचा ‘नका!’ एकटाच घुमत होता.

दुसऱ्या दिवशी फेऱ्या दुप्पट! नर्सबाईंनी जिन्यात मास्तरांकडे नुसतं पाहिलं. ते लालभडक डोळे पाहून मास्तर आल्या पावली घरात परतले.

“आत्ताच्या आत्ता त्यांच्या ऑफिसात जा आणि नीट सांगून या,” बायको म्हणाली. “तिथे तरी शांतता असेल!”

होतीच. जाड काचा, मऊ गालिचे, टाचणी पडली तरी ऐकू यावी. मास्तरांनी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली! कालच्या आरडाओरड्यात आवाज पार बसला होता.

मग हातवारे सुरू झाले. मास्तरांनी बोट डोक्यावर गरगर फिरवलं, म्हणजे हेलिकॉप्टर. मग जमिनीकडे दाखवलं, म्हणजे खाली उतरवा. मग दोन्ही कानांवर हात ठेवले.

मॅनेजरचा चेहरा उजळला. “फेरी मारायचीय! इथूनच बसायचंय! आणि हेडफोन हवेत! अहो, मग लाजता काय?”

मास्तरांनी जिवाच्या आकांताने ‘नाही, नाही’ अशी मान हलवली.

“छे छे, तिकिटाचं नावच काढू नका! तुम्ही घरचे!”

हां हां म्हणता ऑफिसातल्या दोघांनी त्यांना धरून मागच्या अंगणातल्या हेलिकॉप्टरमध्ये बसवलं, पट्टा आवळला, कानांवर हेडफोन चढवले, आणि मास्तर आभाळात!

हेलिकॉप्टर गिरकी घेत त्यांच्याच इमारतीवर आलं. गच्चीवर सगळी मंडळी मुठी उगारून उभी, मधोमध गाऊनमधल्या नर्सबाई. मास्तर खिडकीतून स्पष्ट दिसत होते! त्यांनी घाबरून ‘मी नाही, मी नाही’ असे दोन्ही हात हलवले. खालून ते थेट टाटा केल्यासारखं दिसलं. नर्सबाईंनी पायातली चप्पल काढून भिरकावली, आणि रोज अचूक सलाईन टोचणाऱ्या त्या बाईचा नेम असा, की चप्पल टाकीच्याही वर गेली!

अंधार पडल्यावर मास्तर भिंतीला घासत घासत घरात शिरले. बायको कमरेवर हात ठेवून दारातच उभी.

“सांगितलंत का त्यांना, किती आवाज होतो ते?”

मास्तरांनी आधी चपला नीट जोडून ठेवल्या. मग इकडेतिकडे पाहून, जेमतेम ऐकू येईल अशा घोगऱ्या आवाजात ते पुटपुटले,

“अगं, खरं सांगू का... वर बसल्यावर नाही येत!”