तात्यांचं एकमत

शेजारच्या तात्यांचं घर अर्धं पिवळं आणि अर्धं निळं आहे. रंग कोणता द्यावा हे त्यांनी गल्लीला विचारलं आणि गल्लीचं जुळलं नाही. घर त्यांचं, भिंत त्यांची. पण माणूस ऐकेल तर ना.

तात्या एकटेच असतात. बायको वारली, मुलगा लांब नोकरीला. उचगावच्या आमच्या गल्लीचं एकमत करणं हा त्यांचा धंदा. "सगळ्यांचं एक झाल्याबिगर मला घास गिळत न्हाय," म्हणतात. गिळतो चांगला. प्रत्येक घरी चहा होतो, वर पोहेही होतात.

मध्यंतरी त्यांनी नवीन विषय काढला. गल्लीच्या बोअरचं पाणी सकाळी येत होतं, कुणाची तक्रार नव्हती. तरी आले.

"आक्का, पाणी संध्याकाळी सोडूया का? पलीकडची सुमन तयार हाय."

"बघू की," मी म्हटलं.

आमच्याकडे 'बघू की' म्हणजे नको. शेंबडं पोरही सांगेल. एकटे तात्या त्याला होकार समजतात. सुमनला तर त्यांनी अजून विचारलंही नव्हतं. तिच्याकडे जाऊन म्हणाले, "आक्का तयार हाय." तीही म्हणाली, "बघू की." मग पुढच्या घरी दोघींची नावं, त्याच्या पुढं तिघींची.

झालं. ऐन भाकरीच्या वेळेला पाणी आलं. पिठाचे हात घेऊन सगळ्या नळावर. एकीलाही ते नको होतं, पण जिला तिला वाटलं, बाकीच्यांना हवंय.

मी तात्यांना गाठलं. "मी कधी हो म्हटलं?"

"बघू की म्हणालासा की, आक्का."

डोकं फिरलं माझं. पण हळूहळू सवय लागली, आणि खरोखरच सगळ्यांचं एकमत झालं. तात्या यायचे थांबले. म्हटलं, सुटले एकदाची.

परवा चहा टाकताना बाहेर पाहिलं. तात्या पायात चपला घालून उंबऱ्यावर बसले होते. चेहरा उतरलेला. कुठं जायचं तर विषयच उरला नव्हता. काय करावं या माणसाला.

"तात्या," मी खिडकीतून हाक मारली, "पाण्याचं मला पटत न्हाय. सकाळीच पायजे."

मान वर झाली. "बाकीचं काय म्हणत्यात?"

"मला काय ठाऊक? जाऊन इचारा की. आधी चहा घेऊन जावा."

"बघू की," तात्या म्हणाले, आणि मी चहा गाळायच्या आत येऊन बसलेसुद्धा.