काझी सरांचं जास्तीचं वय

आमच्या शेजारच्या काझी सरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायची सोय नाही. दिल्या, तर घड्याळाकडे बघून म्हणतात, "बाई, नऊ महिने लेट आलात."

सर नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. एका पेशीपासून अख्खं जनावर कसं बनतं, हा त्यांचा विषय. कॉलेजनं त्यांना रीतसर नारळ दिला, पण पेशीनं काही सोडलं नाही. माणसाचं वय गर्भ धरला त्या दिवसापासून मोजायचं, हा त्यांचा कायदा. "जन्म म्हणजे काय हो? घर बदलणं. किरायाच्या खोलीतून माणूस बाहेर आला, म्हणून त्याचं वय झीरो? हा कुठला इन्साफ?" मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सगळी गल्ली हारतुरे घेऊन आली. सर आले आणि चारचौघांत म्हणाले, "मुबारक हो. तशी तुम्ही नऊ महिन्यांची पगार फुकट खाल्ली." असा हा गोडबोल्या माणूस.

हे वेड गल्लीत राहिलं असतं तरी मी चालवून घेतलं असतं. पण पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट, आणि सर कागदोपत्री चौऱ्याहत्तर वर्षं चार महिन्यांचे. लोह्याला जाणाऱ्या गाडीत तिकीट काढायला साफ नकार!

"बाबा, आधार कार्डावर पंच्याहत्तर न्हाईत," कंडक्टर म्हणाला.

"आईच्या पोटात मी काय रिकामा बसलो होतो? दिल बनवलं, जिगर बनवलं, वीस बोटं बनवली. तू दाखव नऊ महिन्यांत एवढं काम करून!"

"लई भारी काम केलं, बाबा. पण तिथून तिकीट काढून आलता का?"

सगळी गाडी हसली. सरांनी तिकीट काढलं, पण वसूलही केलं. लोहा येईपर्यंत त्या गरीब माणसाला उभं करून पोटातल्या लेकराला बोटं कशी फुटतात ते समजावून सांगितलं. मी शेजारच्याच सीटवर होते. खिडकीबाहेर बघत होते आणि या गृहस्थाला ओळखत नव्हते.

अंगणात त्यांच्या डझनभर कोंबड्या. एखादी खुडूक झाली, की तिच्याखाली अंडी ठेवायची, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं तारीख घालायची आणि पाचव्या दिवशी गल्लीला आवतण द्यायचं. आवतण म्हणजे चहाबिहा नव्हे. पडदे ओढलेल्या खोलीत अंड्यामागे टॉर्च धरून सर उभे. "बघा, ते लाल जाळं. मधे फडफड करून राहिलं ना, ते दिल. कुणी बटण दाबलं न्हाई, काही न्हाई, आपलं आपण चालू झालं!" मला एक डाग दिसला. मी म्हणाले, "सर, आमलेट बरं झालं असतं याचं." आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फार सुखाचे गेले ते आठ दिवस.

त्यांच्या पत्नी, शमीमभाभी, भिंतीवरून मला समजावत. "मनावर नका घेऊ, बाई. माझ्यापेक्षा कोंबडीशीच जास्त बोलतात ते."

म्हातारपणाबद्दलही सरांचं मत तयार असे. समोरच्या देशपांडेबाई पहिला पांढरा केस सापडला म्हणून डोळ्यांत पाणी आणून बसल्या होत्या. सरांनी त्यांना धीर दिला, "आज कशाला रडता? तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हापासूनच झिजून राहिल्यात." देशपांडेबाई अजून रस्ता ओलांडून आमच्या बाजूला येत नाहीत.

यंदा माझी लेक वर्षा लातूरहून घरी आली. लग्नाला सहा वर्षं, दवाखान्यांच्या खेपा, उपास-तापास, आणि कसंबसं पोटात आलेलं लेकरू चौथ्या महिन्यात गेलं. आली ती दगड होऊनच. रडेना, बोलेना, दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. पोर अशीच राहिली तर काय करू, या भीतीनं माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बायका भेटायला येत आणि म्हणत, "अगं, अजून गोळाच होता तो. काही झालंच नव्हतं असं समज." खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हणाले होते. दोनदा.

आठव्या दिवशी सकाळी सर आले. दारातच थोपवावं वाटलं, पण ते सरळ आत येऊन वर्षाजवळ खुर्ची ओढून बसले.

"किती दिवसांचं होतं, बेटा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर! जरा तरी..."

"एकशे चार," वर्षा म्हणाली.

आठ दिवसांत पहिल्यांदा तिचा धड आवाज ऐकला मी. डॉक्टर पाळीपासून मोजतात, खरे दिवस चौदानं कमी असतात, यावरून सर गावातल्या निम्म्या डॉक्टरांशी भांडलेले आहेत. त्या सकाळी त्यांनी एक दिवससुद्धा वजा केला नाही.

"एकशे चार," ते म्हणाले. "बोटं आली होती मग. दिल तर कधीचं चालू होतं. काही नव्हतं असं कुणी म्हणालं, तर ऐकू नको. होतं. एकशे चार दिवस होतं."

वर्षा जी फुटली, ती पार हंबरडा फोडून रडली. मी तिला पोटाशी धरलं आणि मीही रडले.

"आमची एकशे तेरा दिवसांची होती," वर्षाचं रडणं ओसरल्यावर सर म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. बुजुर्ग म्हणाले, एकशेवीस दिवस भरले की रूह येते. मग नाव ठेवायचं, नमाज पढून दफन करायचं. आमचे सात दिवस कमी पडले. नाव न्हाई, कबर न्हाई. घरात कुणी पुन्हा विषयसुद्धा काढला न्हाई."

वर्षानं पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही ठेवलं होतं का, सर? नाव?"

"मनात."

"शमीमचाचींना माहीतय?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "तिला वाटतं, मी विसरून गेलो."

"मग सांगा ना त्यांना. आत्ता जा."

एवढ्या वर्षांत या माणसाला कुणाचं ऐकताना मी पाहिलं नव्हतं. सर उठले. मी पुढे केलेला चहा त्यांना दिसलाही नाही. चपला आमच्याच उंबऱ्याशी राहिल्या, आणि ते अनवाणीच शेजारच्या फाटकातून आत गेले, "शमीम, ओ शमीम" अशी हाक मारत.

चपला द्यायला मी गेले नाही. वर्षाला म्हणाले, "राहू देत आज इथंच."