आपटेकाका आणि राष्ट्राध्यक्षांचे आदेश

दुबईत, देइऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारी राहणारे आपटेकाका सुट्टीच्या सकाळी चहाबरोबर पेपर वाचत नसत. ते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा आदेश वाचत. ऑफिसातून त्याची झेरॉक्स आणायची, चष्मा पुसायचा आणि ‘राष्ट्रीय सुरक्षा’ आलं की आवाज चढवायचा. ऐकायला मी.

त्यांची कंपनी अमेरिकन पंपांचे सुटे भाग विकायची. नव्वदीच्या मध्यावर राष्ट्राध्यक्षांनी इराणशी व्यापार बंद केला, तेव्हापासून आपला माल तिकडे जाऊ नये हे बघणं काकांच्या गळ्यात पडलं. दुसरा कोणी असता तर संध्याकाळी खलास म्हणून घरी आला असता. काका आदेश घरी घेऊन आले.

मी सुट्टीला निघालो की बॅगेत डोकावणार. “मिक्सर कुठला?”

“काका, मी साताऱ्याला चाललोय.”

“असशील. पण विमान कुठे उतरेल सांगता येतं का? राष्ट्राध्यक्षांची सही आहे, हबीबी.”

इथे वाद संपला असं ते धरून चालायचे.

खाली हसनभाईची खुबूसची, म्हणजे तिकडच्या रोट्यांची, भट्टी होती. हसनभाई मूळचा बंदर अब्बासचा, इराणी. काका रोज त्याच्याकडून गरम खुबूस घ्यायचे आणि जाता जाता भट्टीचा पंखा कुठल्या देशाचा, ते वाकून बघायचे.

“मेड इन चायना, आपटेसाब.”

“चायना का चलेगा.”

एकदा हसनभाईची आई तिकडे गावी पडली आणि तिचं चालणंच बंद झालं. काकांच्या बाल्कनीत काकूंची व्हीलचेअर घडी करून ठेवलेली होती. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. हसनभाईनं बिचकतच विचारलं, “साब, वो कुर्सी दोगे? जुम्मे को बंदर अब्बास की लाँच जाती है.”

“अमेरिकन है,” काका म्हणाले. “ऑर्डर है.”

हसनभाई मान हलवून भट्टीकडे वळला. मला मात्र संताप आला. माझी मुलगी तर सरळ म्हणाली, “अंकल, इट्स अ व्हीलचेअर, नॉट अ मिसाईल.” काका आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ते खुबूस घ्यायलाही उतरले नाहीत. मी म्हटलं, बरं झालं, पीडा टळली.

शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात काका आणि पुसून लख्ख केलेली व्हीलचेअर.

“एक बाजू धर. लिफ्ट बंद आहे.”

“आणि राष्ट्राध्यक्षांची सही?” मी टोमणा मारलाच.

“सूट आहे. माणसाचं दुःख हलकं करायला दान दिलेली वस्तू चालते.”

“अरे वा. कधी सापडली ही सूट?”

काका जिन्याच्या वळणावर थांबले. खुर्ची खाली टेकवली, पण दांडीवरचा हात काढला नाही.

“सापडायची कशाला? पहिल्या दिवसापासून पाठ आहे मला.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाल्कनीत खुर्ची दिसली ना, की वाटायचं, ही आत पडलीय जराशी. उठेल आता.”

आम्ही खुर्ची उचलली.

खाली हसनभाई टॅक्सी थांबवून उभा होता. काकांनी त्याला ब्रेक कसा लावायचा ते दाखवलं. पुन्हा एकदा दाखवलं. खुर्ची आत गेल्यावर हसनभाई डिकी लावायला पुढे झाला, तर काकांनी त्याला हातानं थांबवलं आणि ती स्वतः लावली.